बिनवासाची चूक

"शी! हा कीबोर्ड आहे की उकिरडा?"

हुंगणबाईनं पोपटसाहेबांच्या टेबलावरचा कीबोर्ड उलटा करून आपटला. त्यातून इतका चुरा पडला, की मुंग्यांच्या सात पिढ्यांनी बसून खावं.

"बाई, कीबोर्डचं राहू दे. चूक सापडली का ते सांग," साहेब म्हणाले.

"सापडेल. आधी हात धुऊन येते."

हुंगणबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. प्रोग्राममधली चूक ही बाई म्हणे वासावर काढते. खालच्या मजल्यावर कुणी एक कंस लावायचा विसरला, की वरच्या मजल्यावर हिला शिंक. एकदा तर मावसबहिणीकडे जेवता जेवता हिनं हातातला घास खाली ठेवला न् म्हणाली, "कुणीतरी शून्यानं भागतंय गं." ऑफिसात फोन लावला, तर खरंच! बिचारा नवरा फ्रिज उघडायलासुद्धा हिची परवानगी काढायचा.

पण आज नाकाला काही म्हणता काही लागेना.

सकाळीच रक्ततपासणीच्या लॅबमधल्या मावशींचा फोन आला होता. यांच्या ऑफिसचं काम एवढंच, की लॅबमधला एखादा रिपोर्ट धोक्याचा निघाला तर त्याच क्षणी डॉक्टरांच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. निरोप पोचला की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. भिंत कायम हिरवीगार. साहेबांना त्या हिरव्याचं इतकं वेड, की पोरांनी त्यांना 'पोपट' म्हणायला सुरुवात केली ती त्यावरूनच.

"अगं, त्या शिंपीदादांचा रिपोर्ट आम्ही परवाच पाठवलाय," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, निरोप आलाच नाही. दादा आता आयसीयूत आहेत. त्यांची बायको माझ्यासमोर बसलीय. काय सांगू तिला?"

"मावशी, इथे भिंतीवर तर हिरवा दिसतोय."

"तुझ्या भिंतीला काय जाळायचंय?"

म्हणून हुंगणबाई सकाळपासून प्रोग्राममध्ये नाक खुपसून बसली होती. तो होताही मोठा शिस्तीचा. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसा. प्रत्येकानं हातात आलेलं घ्यायचं, आपलं एकच काम करायचं, पुढच्याला द्यायचं. इकडेतिकडे हात लावायचा नाही. तिनं एकेक बादली तपासली. एकही गळकी नाही. सगळं इतकं चकचकीत, की किळस यावी.

मग ती रांगेतल्या शेवटच्यापाशी आली. याचं काम निरोप धाडण्याचं. निरोप गेला की पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात बाकीची कामं खुशाल करा, पण उत्तर येईपर्यंत 'झालं' म्हणायचं नाही. त्यासाठी तिथे एक शब्द लिहावा लागतो. थांब.

तो शब्दच नव्हता.

निरोप धाडला की लगेच हिरवा ठिपका. मग गर्दीच्या वेळी पलीकडच्यानं निरोप झिडकारला तरी याला पत्ता नाही. चूक बिचारी परत येऊन दार ठोठावायची, दाराशी कुणी नाही बघून तिथल्या तिथे विरून जायची. ना ओरडा, ना आरडा.

"'थांब' कुणी काढलं?" तिनं विचारलं.

साहेबांनी कॉलर सैल केली. "मी. अगं, उत्तराची वाट बघत ठिपके पिवळेच राहायचे. पाहुणे आले की कसं दिसायचं ते! आणि तुला दाखवलं होतं की. तूच हुंगलंस न् म्हणालीस, वास नाही, जाऊ द्या."

खरं होतं. घाण असती तर वास आला असता. इथे जे असायला हवं तेच नव्हतं, आणि नसलेल्या गोष्टीला कसला आलाय वास!  तिला साहेबांची शिसारी आली, त्या हिरव्या भिंतीची आली. सगळ्यात जास्त आली ती आपल्या नाकाची.

तिनं 'थांब' परत लिहिलं. नाही पोचला तर ठिपका लाल, असंही लिहिलं. मग मागचे सगळे निरोप पुन्हा तपासायला घेतले.

"मागचं कशाला उकरतेस?" साहेब घाबरले. "दुपारी मोठी माणसं येणारेत. गपचूप पुढचं नीट कर ना!"

"उकरणार."

बघता बघता भिंतीला गोवर आला. साहेब पडदा बंद करायला धावले.

"हात लावाल तर बघा," ती म्हणाली. साहेबांचा हात तसाच हवेत राहिला.

मावशींकडून पेशंटचे नंबर घेतले. पोरं फोनला लागली. पलीकडून कुणी शिव्या घातल्या, कुणी रडलं, कुणी रिक्षा बघायला पळालं. एकेक लाल ठिपका विझत गेला. मध्येच मावशींचा फोन आला.

"मावशी?"

"शिंपीणबाई घरी गेल्या गं," मावशी म्हणाल्या. "एकट्याच. आयसीयूबाहेर थांबायला आता काही उरलं नाही."

हुंगणबाई उठली, बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले. परत धुतले. येऊन बसली तेव्हा भिंतीवर एकच ठिपका लाल उरला होता. कुणी एकट्या राहणाऱ्या शाळामास्तरीण. तिनं नंबर लावला. रिंग जात होती.

दाराशी मोठी माणसं येऊन उभी होती. साहेब कानाशी वाकले.

"नाही उचलत गं. 'फोन केला' म्हणून टाक, तेवढा हिरवा होऊ दे."

"पोराला पाठवलंय त्यांच्या घरी."

"मग आता तू कशाला फोन धरून बसलीस?"

 तिनं रिसीव्हर कानाला घट्ट लावला. कुठल्यातरी घरात रिंग वाजत होती, आणि हुंगणबाई थांबली होती.