सातवी वाट बंद करताना

गावाभोवतीच्या पायवाटा आणि सायकलवाटा एका आराखड्यात बसवायचं काम नगरपालिकेने माझ्याकडे दिलं. एकवीस वाटांपैकी एकोणीस सुधारायच्या आणि दोन बंद करायच्या असं निघालं. त्या दोनांतली सातवी माझ्या दादाने स्वतः कुदळ घेऊन पाडलेली होती.

वाट मुळातच चुकलेली होती. डोंगरात वाट उताराला आडवी काढायची असते, म्हणजे पाणी ती ओलांडून निघून जातं. दादाला सगळ्याचीच घाई. त्याने घराच्या मागच्या दारापासून जवळजवळ सरळ वर वाट नेली, मधे फक्त दोन वळणं. पाण्याला आयताच ओढा मिळाला. अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळी सकाळी तो पाणी वळवायला खणलेल्या वरच्या चरातले दगड सरकलेत का, हे बघायला सायकल घेऊन गेला आणि दुसऱ्या वळणाच्या वरचा उतार खाली आला. सायकल सापडली. दादा सापडला नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय. "तुमचा नकाशा तुमच्या ऑफिसात लावा. माझ्या दारातली वाट राहू दे."

"दर वर्षी खालच्या गल्लीत गाळ येतो, वहिनी. शेजारी तक्रार करतात."

"शेजारी माझ्या खोकल्याचीही तक्रार करतात." तिने कप पुसून फळीवर ठेवला. मग बसची वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाली, "वाट बुजवलीस तर ते येतील कुठून?"

मी नियमाचा आधार घेतला. वापरात असलेली वाट पर्याय दिल्याशिवाय बंद करता येत नाही, म्हणून आधी वापर मोजायचा. मनातून मला वाटत होतं, माती मऊ लागेल, म्हणजे वापर नाही असं ठरेल आणि निर्णय मला घ्यावा लागणार नाही.

मोजायचं साधन अगदी साधं आहे. टोकदार दांडा, वर तबकडी. दांडा जमिनीत दाबायचा, किती जोर लागला ते तबकडीवर दिसतं. आमच्याकडे हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि वितळताना भुसभुशीत होते. चालणारं कुणी नसेल तर तीन हिवाळ्यांत वाट आजूबाजूच्या जमिनीइतकी मऊ पडते. गाळाच्या तक्रारींमुळे या वाटेवर तीन वर्षं तात्पुरती प्रवेशबंदी होती.

दांडा बोटभरही गेला नाही.

"बाई, मोडाल तो," सोबत आलेले नगरपालिकेचे मुकादम म्हणाले. "ही तर रोजची वाट आहे."

"इथं कुणी येत नाही."

"मग वहिनींची वारलेली सासू येत असेल, सुनेवर नजर ठेवायला." मग त्यांनी जीभ चावली. "म्हणजे तुमच्या आईच की. माफ करा."

मी वाटेवर बारा ठिकाणी मोजलं. कडक पट्टा वाटेच्या मधोमध होता, सायकलच्या चाकाइतका रुंद. पट्ट्याबाहेर वीतभर अंतरावर दांडा लोण्यात जावा तसा जात होता. वहिनीचे गुडघे चार वर्षांपूर्वीच गेले, अंगणाच्या तीन पायऱ्याही ती कठडा धरून उतरते. तिच्याकडे सायकल नाही.

चोरून येणारी पोरं असतील, असं धरून मी चाळलेली बारीक वाळू आणली. एक पट्टा वरच्या टोकाला पसरला, एक वहिनीच्या मागच्या पायरीशी.

"झाडलेलं अंगण आहे माझं," वहिनी म्हणाली.

"आठ दिवसांनी मी झाडून देते."

आठ दिवसांनी वरची वाळू जशीच्या तशी होती. पायरीजवळच्या वाळूत चाकाची एक रेघ उठली होती. ती रेघ धरून मी वर गेले. पहिलं वळण, दुसरं वळण, मग दरडीचा जुना व्रण. तिथं रेघ संपत होती. त्यापुढे नुसतं गवत, कुठेही न मोडलेलं.

उतरताना मी पुन्हा नीट पाहिलं, कारण एक गोष्ट नोंदवायची राहिली होती. वापराची दिशा. सायकल खाली येताना वळणाआधी ब्रेक लागतो आणि माती पुढे ढकलली जाऊन लाटा उठतात. चढताना मागचं चाक माती मागे सारतं, तिच्या लहान चंद्रकोरी होतात. मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं. दोन्ही वळणांवर एकही लाट नव्हती. सगळ्या चंद्रकोरी होत्या, कितीतरी, एकीवर एक.

वहीत लिहिलं: एक सायकल. फक्त वर.

वहिनी मागच्या दारात उभी होती. "कडक आहे ना?" तिने विचारलं. "मला माहीत होतं. येतात ते."

त्या क्षणी हो म्हणणं सोपं होतं. वाट राहिली असती, तीही सुखात राहिली असती. पण मोजलेली गोष्ट मी आजवर कधी बदललेली नाही.

"वहिनी, खुणा खाली येण्याच्या नाहीत. जाण्याच्या आहेत. इथून निघतात, दरडीपाशी संपतात. दर वेळी."

ती पायरीवर बसली.

"जायचं तर आधी इथं असायला हवं," ती म्हणाली.

"काय?"

"इथून निघतात म्हणालीस ना. म्हणजे घरातच असतात. आणि मग उठून तिकडे जातात, त्याच दरडीखाली, पुन्हा पुन्हा." तिचा आवाज चढला. "त्या दिवशी मी भांडी घासत होते गं. येतो म्हणाले, मी मान वळवून पाहिलंही नाही. बंद कर ती वाट. उद्याच कर."

दोन दिवसांनी मुकादम सहा माणसं घेऊन आले. त्यांनी कडक पट्टा कुदळीने फोडला, उताराला आडवे ओंडके पुरले, झुडपं लावली आणि दिसणारा भाग फांद्यांनी झाकला. वहिनी पायरीवरून सांगत होती, "अजून. अजून टाका. एवढ्याने काय होतंय?"

"बाई, हत्ती अडवायचाय का?" मुकादमांनी मला हळूच विचारलं. मी कामाच्या कागदावर पर्याय म्हणून शेजारची वाट दाखवली आणि कारण लिहिलं, 'मातीची धूप'. तेही खोटं नव्हतं.

हिवाळा गेल्यावर मी दांडा घेऊन पुन्हा गेले. बारा ठिकाणी मोजलं. सगळीकडे तो मुठीपर्यंत आत गेला, तबकडीचा काटा जेमतेम हलला. इतकं चोख काम आमच्या एकाही वाटेवर झालं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. माझ्याकडे दादाचं एवढंच काय ते उरलं होतं आणि ते मी फोडून मऊ केलं होतं.

मग वहिनीला सांगायला घरात गेले. दुपारचे अडीच वाजले होते. चपला दाराशी काढल्या. वहिनी स्वयंपाकघरात होती, चेहरा भरलेला, केस नीट विंचरलेले. इतकी बरी ती अकरा वर्षांत दिसली नव्हती.

"वहिनी, माती अगदी मऊ लागली," मी म्हणाले. "आता कुणीही..."

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मी चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर आले.