गीतांजलीचे चार अर्ज आणि मी

मित्रांनो, आता सगळे मला जुना लॅपटॉप म्हणूनच ओळखतात. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, काही बटणांवरची अक्षरे पुसली गेली आहेत आणि माझा पंखा असा घरघरतो, की मी चालू झाल्याचे शेजारच्या खोलीतही कळते. पण मीही एकेकाळी नवा होतो. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि खोक्यात बसून मी महाप्याच्या एका कंपनीत आलो. तिथे सुचित्राताईंच्या टेबलावर मला जागा मिळाली. त्या मला रोज मऊ फडक्याने पुसत. पुढे कंपनीने नवे लॅपटॉप घेतले आणि जुने कर्मचाऱ्यांना स्वस्तात देऊन टाकले. सुचित्राताईंनी दुसरा कुठला न पाहता मलाच उचलले आणि नेरूळच्या घरी नेले.

घरी मी त्यांच्या मुलीचा, गीतांजलीचा झालो. टाळेबंदीत तिची शाळा माझ्याच पडद्यावर भरली. मी तापायचो, अडखळायचो, पण वर्ग कधी बुडू दिला नाही. तेव्हा ती मला 'आमचा वाघ' म्हणायची. ते ऐकून फार बरे वाटायचे.

ती अकरावीत गेल्यावर आमच्याकडे राजनंदिनी येऊ लागली. ही तिच्या वर्गातली मैत्रीण. राहायला शिरवण्याला. तिचे वडील बाबासो मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात ते भाजीच्या गोणी उचलायचे काम करतात. दोघी मुलींना वस्तूंचे डिझाइन शिकायचे होते. गीतांजली नव्या खेळण्यांची चित्रे काढायची. राजनंदिनीला मात्र रोजच्या वापरातल्या गोष्टी सुधारायची हौस. दिवाळे गावच्या कोळणींना मासळी विकताना बसायला सोयीचे आसन कसे असावे, याची तिने कितीतरी चित्रे माझ्यात साठवली होती.

बारावीच्या वर्षी गीतांजलीने चार ठिकाणी अर्ज केले : बंगळूर, अहमदाबाद, पुणे आणि मुंबई. राजनंदिनीने एकाच ठिकाणी केला, पुण्याला. तिथे गुणवत्तेवर पूर्ण फी माफ होणाऱ्या काही जागा होत्या, म्हणून. त्या जागांच्या मुलाखतीसाठी दोघींचीही निवड झाली.

आणि डिसेंबरमध्येच बंगळूरने गीतांजलीला पहिल्या फेरीत प्रवेश दिला. तिचे बाबा, जयप्रकाश, यांनी ती बातमी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत साऱ्या सोसायटीला सांगितली. जेवताना गीतांजलीने विचारले, "बाबा, बाकीच्या अर्जांचं काय करू?"

"काय करू म्हणजे? असू दे की! बारावीचा निकाल लागेपर्यंत कशाचाच भरवसा नसतो."

"पण जिथे मला जायचंच नाही, तिथे कशाला?"

"अगं, अर्ज काय खायला मागतो का? राहू दे पडून. उगाच टेन्शन कशाला घ्यायचं?"

सुचित्राताईंनी एवढेच विचारले, "उद्या अहमदाबादचा फोन आला तर बंगळूर सोडशील?"

"लगेच!"

"मुंबईचा आला तर?"

"नाही सोडणार."

"आणि पुण्याचा?"

गीतांजलीने ताटातली भाजी इकडची तिकडे केली.

बंगळूरची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी राजनंदिनी आली ती तावातावानेच. "ऐक, माझ्यासाठी म्हणून पुण्याचा अर्ज काढणार असशील ना, तर काढू नकोस. कोणी माझ्यासाठी सोडलेली जागा नकोय मला. मिळाली तर माझ्या कामावर मिळू दे."

"मी कुठे तसं म्हणाले?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

ती चहासुद्धा न घेता गेली. त्या आठवड्यात दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी टेबलावर मिटलेला पडून होतो. गीतांजली माझ्याजवळ येऊन बसायची, पण मला उघडायची नाही. राजनंदिनी नसती, तर आपण पुण्याला गेलो असतो का? हा एकच प्रश्न ती आईला पुन्हा पुन्हा विचारायची आणि आई म्हणायची, "ते तुलाच माहीत, बाळा."

शेवटी रविवारी सकाळी तिने मला उघडले. मुंबईचा अर्ज मागे घेतला. मग पुण्याचा. अहमदाबादचा तसाच ठेवला. आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला. "काढला. तुझ्यासाठी नाही. मला तिथे जायचंच नव्हतं, म्हणून. तू नसतीस तरी काढला असता."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"मग ठीक आहे," राजनंदिनी म्हणाली आणि थोड्या वेळाने दोघी कशावरून तरी खिदळू लागल्या. बाबा मात्र रागावले. "हातातली गोष्ट कोणी सोडतं का?" म्हणून दिवसभर घुश्शात होते.

एप्रिलमध्ये राजनंदिनीची पुण्याची ऑनलाइन मुलाखत आली. तिच्या घरी एकच खोली आणि मागे वर्कशॉपचा ठणठणाट. म्हणून सुचित्राताईंनी तिला बोलावून घेतले. मित्रांनो, त्या दिवसाची मला अजून धास्ती वाटते. माझी बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि चार्जरची पिन सैल झाली होती. मुलाखत सुरू झाली. राजनंदिनीने नाव सांगितले आणि माझा पडदा काळा झाला! "काका!" ती ओरडली.

आतून जयप्रकाश धावत आले. त्यांनी पिन जराशी तिरकी दाबली, तसा मी पुन्हा जागा झालो. सोडली, की माझा दिवा विझू लागे. "हे असंच धरावं लागणार," असे पुटपुटत ते टेबलाखाली शिरले आणि एका गुडघ्यावर बसून राहिले. "तू बोल गं. मी आहे इथे."

परीक्षकांनी कोळणींच्या आसनाबद्दल विचारले. पहिल्यांदा राजनंदिनी चाचरली. तिने हळूच खाली पाहिले. काकांनी मोकळ्या हाताने 'बोल, बोल' अशी खूण केली. मग ती जी बोलू लागली, ती थांबेचना. पाठ कुठे दुखते, पाय का बधिर होतात, टोपली किती उंचीवर हवी, सारे तिने चित्रे दाखवून सांगितले. मी जीव एकवटून चालू राहिलो.

मुलाखत संपली तेव्हा काकांना उठता येईना. दोघींनी हात धरून त्यांना ओढून काढले. "पाय गेले माझे," ते हसत म्हणाले. मग पाय चोळता चोळता गंभीर झाले. "काय बोललीस गं पोरी! आणि त्या बायका रोज अशा बसतात. आपण मासळी घेतो आणि चालू लागतो." पुण्याच्या अर्जाबद्दल ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

अहमदाबादने गीतांजलीला नाही म्हटले. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून खूप रडली. पण अर्ज ठेवल्याचा पस्तावा तिला नव्हता. राजनंदिनी आधी प्रतीक्षा यादीत होती. जूनमध्ये तिला बोलावणे आले. कोणाच्या जागी कोण गेले, हे मला ठाऊक नाही. आम्हा यंत्रांना ते कोणी सांगत नाही.

त्याच दिवशी बाबासो मार्केटातून थेट आमच्या दारात आले. हातात मक्याच्या कणसांची पिशवी. "साहेब, पोरगी पुण्याला निघाली. पेढं मागनं आणतो, आधी हे घ्या. आजचाच माल हाय."

जयप्रकाशांनी त्यांना घरात नेऊन बसवले. दोघांनी मिळून कणसे सोलली.

गीतांजलीला बंगळूरसाठी नवा लॅपटॉप आला. आता आपली रवानगी माळ्यावर, असे मला वाटले. पण जयप्रकाशांनी मला दुरुस्त करून आणले आणि राजनंदिनीच्या हाती दिले. म्हणून आज मी पुण्याच्या वसतिगृहात आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जे खरोखर हवे आहे, ते जपा. बिघडले तर दुरुस्त करून घ्या. आणि जे नको आहे, ते नुसते अडवून ठेवू नका. वस्तू असो वा जागा, ती वापरणारा कोणीतरी असतो.

बरे, आता थांबतो. राजनंदिनी वर्गातून आली आहे आणि आम्हाला बरेच काम आहे.