माया ठेवून

"आता हे कुणाला सांगून पटायचं नाही," असं म्हणत शिंपीमास्तरांनी बायकोच्या पाठीमागे दुसरी उशी सरकवली, "पण त्या दिवशी तुझ्या एका सुईपायी अख्खं विमान खोळंबलं होतं."

बायकोची नजर खिडकीच्या गजांवर होती. उजवा हात मास्तरांनीच मघाशी तिच्या मांडीवर ठेवला होता. तो ठेवला तसाच होता.

"भावजी, मागच्या खेपेला सुई नव्हती, कात्री होती!" स्वयंपाकघरातून मेव्हणी ओरडली. बहीण अंथरुणाला खिळल्यापासून ती इथेच मुक्कामाला होती.

"कात्री त्यांनी काढून घेतली. सुई राहिली पदरात. तू होतीस का तिथं?"

"मला कोण नेतंय!"

"मग गप्प बस. तुला कुणी विचारलं नाही."

हे खरं होतं. मेव्हणीने थाप पकडण्यात काही अर्थ नव्हता. ती कुणालाही पकडता आली असती.

दुकान होतं तेव्हा गिऱ्हाइकं त्यांना तोंडावर 'थापाडे मास्तर' म्हणत. कपडे वेळेवर मिळत नसत, गोष्ट मात्र कायम तयार असे. शेजारच्या मशीनवर बायको काजं-बटणं करत बसलेली असायची, ओठांत टाचण्या धरून. गोष्ट फारच फुगली की ती मान वर न करता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायची, "अहो, ढगळ झालं. आत घ्या, माया ठेवून." शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. गिऱ्हाईक हसायचं. मास्तर हत्तीचा रेडा करायचे, रेड्याचं बोकड. बोकडाच्या खाली मात्र ती त्यांना उतरवत नसे. तेवढी माया ती ठेवायची.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं की नवे शब्द आधी येत नाहीत. जे झिजून गुळगुळीत झालेत, जिभेवरून आपसूक घसरतात, ते येतात. कुणाची शिवी येते, कुणाचे आकडे. काल तिने आपली चित्रांची कार्डं आवरली आणि दारात चपला घालताना मास्तरांकडे न बघता म्हणाली, "आजोबा, पुढच्या आठवड्यापासून मी नाही आले तरी चालेल."

आता येण्यात काही अर्थ उरला नाही असं ती म्हणतेय, हे कळायला मास्तरांना थोडा वेळ लागला. म्हणून आज सकाळपासून ते, दोघं एकदा गेले होते त्या बेटाची गोष्ट हाताला येईल तितकी ढगळ शिवत होते.

"तर पायलट बाहेर आला. पाहतो तर विजारीची शिवण मागून उसवलेली. आता असा माणूस विमान चालवणार कसा? लक्ष कुठं राहणार त्याचं? हवाईसुंदरी रडकुंडीला आली. मग तू उठलीस. म्हणालीस, उभा राहा बाबा पाठ करून..."

त्यांनी बायकोच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले, पण तो नुसता श्वास होता. मास्तरांनी रुमालाने तिच्या ओठांचा कोपरा टिपला.

खरं म्हणजे विमान सुटायला दुपार कलली होती, कारण कुणीच सांगितलं नव्हतं, आणि दोघं लोखंडी खुर्च्यांवर अवघडून बसले होते. एक बॅग भलत्याच गावी गेली. पुढे होडीत तिला इतक्या उलट्या झाल्या की बेट दिसल्यावर लोक उठून उभे राहिले, तेव्हाही तिने डोळे उघडले नाहीत. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसेल असं कबूल केलं होतं. दिसत होतं जनरेटरचं पत्र्याचं खोपट. आणि पाऊस. आपल्याकडच्यासारखा येऊन जाणारा नव्हे, घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला.

"होडीत काय लाटा होत्या! मासे आपणहून मांडीवर येऊन बसत होते. एकाला मी म्हटलं, बाबा, तिकीट काढलंस का?"

"अगं बाई," मेव्हणी फळाच्या कुस्करलेल्या गराची वाटी घेऊन दारात आली होती. "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा पास आहे."

मेव्हणी फस्सकन हसली. मास्तर हसले नाहीत. वाटी घेऊन त्यांनी चमचा बायकोच्या डाव्या गालाकडून आत सरकवला, शिकवलं होतं तसा.

"असलंच फळ होतं बघ तिथं. झाडाखाली सडा. आणि तो खेकडा आठवतो? माझी टेप पळवली होती त्यानं. मी मागे, तो पुढे. नुसता पळाला असता तर गोष्ट वेगळी. पण तो किनारा मोजायला लागला! टेप संपली की खूण करायचा, पुन्हा पुढे. मी म्हटलं, अरे, तिरकं मोजतोयस, माप चुकेल. तर माझ्याकडे असं बघितलंन, जसं काही कारागीर मीच नवा आहे."

ही थाप त्यांनी राखून ठेवली होती. इतकं ढगळ काही त्यांनी जन्मात शिवलं नव्हतं. एका माणसाच्या कपड्यात तीन माणसं मावली असती. ते थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. बायकोने घास गिळला आणि खिडकीकडे पाहत राहिली.

"भावजी, दमलात. जरा पडा," मेव्हणी हळू आवाजात म्हणाली. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "आणि पोराचं काय? तिकिटं त्यानंच पाठवली होती ना? तोही परस्पर तिकडूनच बेटावर होडीने येणार होता म्हणे."

"काम निघालं त्याचं."

"तुमच्या गोष्टीत तो कधी येतच नाही."

"आला नाही, तर गोष्टीत कुठून आणू?" मास्तर म्हणाले, आणि वाटीच्या कडेला चमचा जरा जोरात पुसला. मेव्हणी वाटी घेऊन आत गेली. नळाचा आवाज येऊ लागला.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. आता जोडायला काही उरलं नव्हतं. उरला होता तो शेवटचा तुकडा. गोष्टीत एवढाच एक त्यांनी अंगाबरोबर बेतलेला होता. दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो सांगितला होता, आणि त्यावर बायको कधी काही म्हणाली नव्हती. तो त्यांनी आज तिच्यासाठी सांगितला नाही. सवयीने, स्वतःशीच बोलावं तसा सांगितला.

"शेवटच्या संध्याकाळी पाऊस थांबला. पाणी कसं, अंघोळीला काढल्यासारखं कोमट. धक्क्याजवळ एक होडी पालथी घातलेली होती. तू तिच्यावर जाऊन बसलीस, पाय पाण्यात सोडून. मी मागून दोनदा हाक मारली. तुझं लक्षच नाही. पलीकडून शेवटची होडी आली, माणसं उतरली, सामान उतरलं, दिवे लागले. तरी तू तिथंच. मी म्हटलं, बसू दे. जन्मभर मशीनवर वाकली, आज समुद्र बघतेय." त्यांनी चादरीवरची एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली. "इतकी सुखात मी तुला कधीच पाहिली नव्हती."

"आत घ्या."

आवाज जाड होता, जीभ अडखळलेली; पण शब्द स्पष्ट होते.

आत नळ बंद झाला. मेव्हणी ओल्या हातांनीच धावत आली. "ताई बोलली! भावजी, ताई बोलली ना? अगं ताई..."

मास्तरांनी तिच्याकडे न पाहता हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "अजून पुढचं राहिलंय."

ते खुर्चीत पुढे सरकले आणि बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिने नजर खिडकीवरून काढून त्यांच्यावर आणली होती. ओठ मिटलेले होते, टाचण्या धरल्यासारखे.