चोवीस धडधाकट माणसं

हिंजवडीतल्या ऑफिसात, एसी सुरू असताना, दिग्विजयला दरदरून घाम फुटला. समोर चोवीस धडधाकट माणसांच्या रक्ताचे आकडे होते आणि त्यातले दोन भलतेच वर चढले होते. पहिला आणि शेवटचा. नावं नव्हती, नुसते नंबर. पण पहिला नंबर कौशल्याचा, त्याच्या बायकोचा. लोक सुईला घाबरू नयेत म्हणून यानंच तिला आधी बसवलं होतं. हौस दांडगी ना!

मूत्रपिंडाचा कॅन्सर काही दुखायच्या आधीच रक्तात सापडेल का, हे कंपनी शोधत होती. तुलनेला निरोगी माणसं हवी होती, तीही उपाशीपोटी. यानं शक्कल लढवली. संकष्टीला सकाळी बिबवेवाडीत, आपल्याच सोसायटीत शिबिर ठेवलं. निम्मी इमारत त्या दिवशी उपासाला असतेच.

"कोणाला काही सांगायचं नाही," त्याच्या बॉस राजनंदिनी मॅडमनी बजावलं. "चाचणी अजून कच्ची आहे. तशी सही केली आहेस तू."

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर बायको. इकडे आड, तिकडे विहीर. कौशल्या पोळ्या लाटायला लागली की याची नजर तिच्या कमरेवर.

"काय बघताय एवढं? आज नव्यानं आणलंय का मला?" ती म्हणाली.

शेवटी 'ऑफिसतर्फे फुकट सोनोग्राफी' अशी थाप मारून, पदरचे पैसे भरून, त्यानं तिला नेलंच.

काही निघालं नाही. दिग्विजय दवाखान्याच्या जिन्यावरच मटकन बसला, ढसाढसा रडला आणि मग सगळं सांगून मोकळा झाला.

कौशल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, नर्सबाईंना आणायला गेलात ते किती वेळ गायब! लोक भुकेनं कळवळले. मी साबुदाण्याची खिचडी वाढली सगळ्यांना. मी तर दोनदा घेतली. उपासाला चालते, मग रक्ताला का नाही चालणार?"

"म्हणजे तो आकडा खिचडीचा असेल!" त्याला हसूच फुटलं.

"एक दादामियाँ तेवढे जेवले नाहीत हो. म्हणाले, साहेबांनी काही खाऊ नका सांगितलंय. तसेच बसून राहिले बिचारे. नंबरही सगळ्यात शेवटी लागला त्यांचा."

दिग्विजयचं हसू जागच्या जागी मेलं.

दादामियाँ म्हणजे सोसायटीच्या गेटाशेजारचे शिंपी. संध्याकाळी तो त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. फुकट सोनोग्राफीची थाप इथं मारायची सोय नव्हती. अख्खी सोसायटी रांग लावून उभी राहिली असती. खरं सांगावं तर नंबर कसा ओळखला ते आलं, खिचडी आली, मॅडम आल्या, नोकरी आली. बायकोच्या वेळी यातलं काही आडवं आलं नव्हतं, हे त्याला लख्ख कळत होतं आणि स्वतःची किळस येत होती.

"या साहेब. आमच्या रक्ताचं काय झालं?" दादामियाँनी मशीन थांबवलं.

दिग्विजयनं नजर मशीनच्या चाकाकडे वळवली.

"रिपोर्ट देत नाहीत चाचा. नियम आहे तसा."

"नसू द्या," म्हातारा समाधानानं म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. "काही वाईट असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."