पाकाला हात लावू नका

राग आला की वनमाला भांडी घासायला बसायची. स्वच्छ असली तरी घासायची. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातली पितळी पातेली गेली चार वर्षं लखलखत होती, आणि तिची मोठी जाऊ कुंदा शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या वनमालाला स्वच्छतेची भारी आवड." आवड कसली डोंबलाची!

महिला मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी तर तिने कळशीसुद्धा दोनदा घासली. पत्र कुंदाच्या नावावर होतं. 'सौ. कुंदाताई चंद्रप्रकाश तळवडेकर यांस. दिवाळीच्या फराळाला आपण स्वहस्ते करून आणलेली रसभरली चॉकलेटं सर्व भगिनींना फार आवडली. जानेवारीपासून मंडळ परदेशी मिठाईचा वर्ग सुरू करू इच्छिते. शनिवारी दुपारी चार वाजता सभासदांसमोर ही कृती करून दाखवावी. पसंत पडल्यास आपली शिक्षिका म्हणून नेमणूक होईल. शिक्षिकेस गरज असल्यास मंडळाच्या मागील खोलीत राहण्याची सोय आहे.'

कुंदाने ते जेवताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'स्वहस्ते' या शब्दाला तिची जीभ जराही अडखळली नाही. वनमाला वाढत होती. तिच्या कानात फक्त शेवटचं वाक्य राहिलं. खोली. स्वतःची चूल, स्वतःची कडी, आणि सकाळी उठल्यावर कुणाच्याही तोंडाकडे न बघता ठेवलेला आपला चहा.

त्या चॉकलेटांना कुंदाचा हात लागला होता तो फक्त डबा उचलून नेताना. ही विद्या आणली होती श्यामकांतने, म्हणजे वनमालाच्या नवऱ्याने. तो फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात मिठाईखात्यात होता. तिथे साहेब लोकांसाठी जेवणानंतरची चॉकलेटं व्हायची. वरून साधी गोळी दिसायची, पण दाताखाली धरली की आतलं साखरेचं पातळ कवच फुटायचं आणि घोटभर ब्रँडी जिभेवर यायची. श्यामकांत घरी सराव करायचा. ब्रँडी आणायची सोय आणि हिंमत दोन्ही नव्हती, म्हणून साधं पाणी घालायचा. शेजारी बसून बघता बघता वनमाला ते शिकली, आणि दोन महिन्यांत तिचा पाक त्याच्याहून सरस उतरायला लागला. तो हसून म्हणायचा, "माझ्या जागी तूच कामाला जा गं!" मग एका श्रावणात तो विषमज्वराने गेला, आणि वनमाला दिराच्या घरी आली.

पुढे मुंबईत दारूबंदी चांगलीच कडक झाली, त्यामुळे ब्रँडीचा प्रश्न परस्परच मिटला. वनमालाने आधी संत्र्याचा रस घालून पाहिला. कवच धरेचना, कारण आंबट पडलं की साखर बसत नाही. मग तिने संत्र्याच्या साली नि चार लवंगा उकळून त्यांचा कडक अर्क काढला. त्याने काम झालं. दिवाळीच्या फराळाला गोळी फुटल्यावर मंडळातल्या बायकांनी म्हणे एकमेकींकडे घाबरून पाहिलं, 'यात ती वस्तू तर नाही ना?' असं विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आत दुसरी गोळी उचलली.

हे सगळं वनमालाने ऐकलं ते कुंदाच्या तोंडून. ती स्वतः फराळाला गेली नव्हती. कुंदाने तिला समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "तुझ्या भल्याचंच सांगते गं. सुवासिनींचं मंडळ आहे ते. तुझ्या हातचं म्हटलं तर कुणी तोंडाला लावणार नाही. उगाच तुलाच वाईट वाटेल." वनमालाने ते खरं मानलं होतं. चार वर्षांत असं पुष्कळ काही तिने खरं मानलं होतं.

त्या दिवशी मात्र जेवणं उरकल्यावर ती कुंदासमोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, त्यांना खरं सांगू या ना. वर्ग मी चालवीन. त्या खोलीत राहीन. तुम्हालाही इथे जागा मोकळी होईल."

कुंदा पान लावत होती. तिने मान वर केली नाही. "मंडळात मी तोंड कसं दाखवू मग? आणि विधवा बाई एकटी खोलीत राहणार, लोक आमच्याच नावाने खडे फोडतील. असं कर, तू शनिवारी माझ्याबरोबर चल. मागे उभी राहा, काय हवं नको ते हातात दे. वर्ग मिळाला तर रोज तशीच येत जा. घरातलंच आहे सगळं, नाव कुणाचं का असेना."

नाव कुणाचं का असेना! तळपायाची आग मस्तकाला गेली वनमालाच्या. घासायला एकही भांडं उरलं नव्हतं, म्हणून ती मोरी घासायला गेली.

आता ही कृती कशी, ते सांगायला हवं, कारण शनिवारी जे झालं ते तिच्यामुळेच झालं. लाकडी ट्रेमध्ये उन्हात वाळवलेलं आरारोट भरायचं. त्यात सुपारीएवढे खळगे उमटवायचे. साखरेचा पाक एका नेमक्या तारेवर उतरवायचा, त्यात अर्क मिसळून तो खळग्यांत ओतायचा, आणि वरून चाळणीने आरारोटाची चादर घालायची. मग ट्रे निवांत ठेवायचा. संध्याकाळी गोळ्या एकदा अलगद उलटायच्या आणि पुन्हा झाकायच्या. साखर बाहेरच्या बाजूने आपली आपण जमते, कवच होतं, रस आत कोंडला जातो. सकाळी गोळ्या बाहेर काढून, कुंच्याने झटकून चॉकलेटात बुडवायच्या. सगळी गोम एकच आहे. पाक ढवळायचा नाही. चमचा लागला, भांडं हिसकलं, तरी साखर चिडते, पाक पांढरा होतो आणि दगड बनतो. अर्क मिसळायचा तोही एका भांड्यातून दुसऱ्यात संथ धार धरून, दोनदा, बस्स.

कुंदाला यातलं काही माहीत नव्हतं. वनमालाने चोरून ठेवलं होतं असं नाही. पाक व्हायचा पहाटे, आणि कुंदा उठायची सातला. तयार गोळ्या चॉकलेटात बुडवताना तिने पाहिल्या होत्या, तेवढ्यावर तिची समजूत झाली होती की आपल्याला सगळं येतं. शुक्रवारी तिने विचारलंही, "पाक एकतारीच ना?" वनमाला म्हणाली, "एकतारीच्या जरा पुढे." एवढंच विचारलं, एवढंच सांगितलं.

शनिवारी मंडळाच्या दालनात तीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. पुढे टेबल, टेबलावर स्टोव्ह आणि वनमालाने येताच खळगे उमटवून ठेवलेला आरारोटाचा ट्रे. कुंदा मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून टेबलामागे उभी, आणि तिच्या मागे दोन पावलांवर, भिंतीला लागून, पांढऱ्या सुती साडीत वनमाला. चिटणीस अनुपमाबाईंनी कुंदाची ओळख करून दिली. वनमालाची ओळख करून द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग अध्यक्षीण आल्या. रुक्मिणीबाई. उंच, पंचावन्नच्या घरातल्या, हातात काठी. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. वनमालाने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

कपाळ मोकळं होतं. गळा मोकळा होता. हातात नुसतं घड्याळ.

सुवासिनींचं मंडळ! दिवाळीला, संक्रांतीला, नवरात्रात, दर वेळी तिला घरात बसवून ही कुंदा डबे घेऊन इथे यायची, आणि खुर्चीवर कोण बसलेलं असायचं? राग कुंदाचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. चार वर्षं! मुलुंडात राहून एकदा चौकशी केली असती, एकदा या रस्त्याने चालत आली असती, तरी कळलं असतं. ती आपल्याच हाताने आपल्याला कोंडून बसली होती.

रुक्मिणीबाई खुर्चीवर बसल्या. "हं, दाखवा. मी स्पष्टच सांगते, वर्गासाठी पैसा थोडा आहे. आज नीट जमलं तर हाच वर्ग काढू. नाही जमलं तर सरळ शिवणाचा काढू, मशिनं तयार आहेत."

वनमालाने मनाशी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. पडू दे तोंडघशी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागलीय, आज सगळ्यांना कळू दे हिला काय येतं ते.

कुंदाने पाक ठेवला. बोलत होती मात्र छान. साहेब लोक यात काय घालतात, आपण ते कसं घालत नाही, सगळं रंगवून सांगितलं. बायका हसल्या. पाक उकळला, तार आली. वनमाला मागून बघत होती. तार बरोबर होती. कुंदाने पातेलं उतरवलं, अर्काची वाटी उचलून पाकात ओतली, आणि साखरेच्या वड्या घोटण्यात जिची निम्मी हयात गेली तिने करावं तेच केलं. मोठा चमचा घेतला आणि पाकात घातला.

चमच्याची एक फेरी झाली. वनमालाने ओठ दाबून धरले.

दुसऱ्या फेरीला पातेल्याच्या कडेला दुधाळ रेष उमटली. ती रेष वनमालाशिवाय त्या दालनात कुणालाच दिसली नसेल. श्यामकांत हॉटेलातून थकून येऊन मध्यरात्रीपर्यंत याच रेषेशी झगडला होता. आणि आता तीस बायका घरी जाऊन सांगणार, की छे, ते काही जमण्यातलं नाही, फुकटचा खटाटोप. मग शिवणाची मशिनं येणार.

"हात काढा, वहिनी! पाकाला हात लावू नका!"

एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात आहे हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. कुंदाच्या हातातला चमचा खाली पडला.

कुंदा सावरून हसली. "ही माझी धाकटी जाऊ. हाताखाली असते माझ्या. जरा उतावीळ आहे."

"उतावीळ?" वनमाला पुढे आली. "बघा ना आत काय झालंय ते! पांढरा पडला. याच्या आता वड्याच होतील, कवच जन्मात धरणार नाही. साखर वाया घालवलीत, अर्क वाया घालवलात, आणि मला उतावीळ म्हणता?"

रुक्मिणीबाई काठी टेकत टेबलाशी आल्या. पातेल्यात डोकावून पाहिलं. पाक घट्ट होत चालला होता. त्यांनी एकदा कुंदाकडे पाहिलं, मग वनमालाकडे.

"तुला येतं?"

"येतं."

"मग कर."

वनमालाने दुसरं पातेलं ओढलं आणि नवा पाक ठेवला. हात रागाने थरथरत होते. असल्या हाताने पाक ओतला तर सगळं मुसळ केरात, हे तिला कळत होतं. पाकाला तार येईपर्यंत तिने दोन्ही तळवे टेबलावर घट्ट दाबून धरले. मग मागे न बघता म्हणाली, "वहिनी, अर्क."

कुंदाने उरलेल्या अर्काची बाटली दिली.

"दुसरं भांडं. कोरडं. हे नाही, कोरडं म्हटलं ना मी."

कुंदाने पुसून दिलं. वनमालाने अर्क भांड्यात घेतला आणि पाकाची धार सोडली. संथ, सुतासारखी. या भांड्यातून त्यात, त्यातून यात. एकेक खळगा तिने भरला, एक थेंब बाहेर सांडला नाही. "वहिनी, चाळण." चाळण आली. पांढऱ्या आरारोटाखाली सगळे खळगे झाकले गेले.

"आता उद्या सकाळपर्यंत याला कुणी धक्का लावायचा नाही," ती म्हणाली. "फक्त संध्याकाळी मी एकदा उलटीन."

रुक्मिणीबाईंनी विचारलं, "दिवाळीची कुणी केली होती?"

"मी. माझ्या यजमानांनी शिकवली मला."

"मग तू का नाही आलीस फराळाला?"

"मला सांगितलं होतं, हे सुवासिनींचं मंडळ आहे. माझ्या हातचं कुणी तोंडाला लावणार नाही."

रुक्मिणीबाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग कुंदाकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "हे मंडळ मी काढलं, त्याच्या आधी तीन वर्षं माझे यजमान गेले होते. तुम्ही इथे सहा वर्षं येताय, कुंदाताई. माझ्या हातून तीर्थप्रसाद घेताय." कुंदाची मान खाली गेली. "अनुपमा, नवं पत्र लिही. नाव काय तुझं?"

"वनमाला श्यामकांत तळवडेकर."

"उद्या सकाळी कवच धरलेलं दिसलं, की सही करते."

"धरेल," वनमाला म्हणाली.

बायका पांगल्यावर कुंदाने तिला बाहेर पायरीवर गाठलं. डोळे लाल झाले होते. "शोभा केलीस माझी चार बायकांत! समाधान झालं ना? मागे उभी राहून तुला वाट्या नि चाळण्या देत होते मी. अर्धा तास! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

वनमालाला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

"अर्धाच तास ना, वहिनी? मी चार वर्षं उभी होते."

कुंदाने पदराने डोळे पुसले. जरा वेळाने, नेहमीच्याच आवाजात, म्हणाली, "बरं, चल आता घरी. यांची यायची वेळ झाली, अजून कणीक भिजवायची आहे."

"मी इथेच थांबते. ट्रे उलटायचाय," वनमाला म्हणाली. "आजचा स्वयंपाक तुम्ही करा. आणि भाऊजींनी विचारलं तर सांगा, तुमच्या हातचा आहे. आज खरंच असेल."