स्कुटीला कासरा

सोजराबाई तिसऱ्यांदा पडली ती थेट उकिरड्यात. स्कुटी तुराट्यांचं कूड फोडून आत गेली, सोजराबाई तिच्यावर, आणि चार कोंबड्या जीव घेऊन पत्र्यावर चढल्या. पारावरच्या मंडळींनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग तिला उचलायला धावली. आमच्या गावात मदत मिळते, पण हसून झाल्यावर मिळते.

सगळ्यांत पुढे भागवत होता. गावातून मोताळ्याला एकच काळीपिवळी जीप जाते आणि ती त्याची आहे, म्हणून तो स्वतःला गावाचा अर्धा मालक समजतो. सोजराबाईच्या नवऱ्याला तो दादा म्हणायचा. दादा जाऊन बारा वर्षं झाली, पण थट्टा करायचा हक्क त्याने सोडला नव्हता.

"वैनी, कोठी चालल्या होत्या?"

"मोताळ्याले."

"मंग रस्ता चुकला तुमचा. हा त शालूबाईचा उकिरडा हाय."

सोजराबाईने केसांतलं शेण पुसलं. "गाडीच वढाय हाय, भाऊजी. थांब म्हणलं का पयते."

"नाचता येईना अंगण वाकडं."

"वाकडं हाय त हाय. माह्यं अंगण हाय, मी सरकं करून घेईन."

पडली तरी नाक वर, असं मंडळी म्हणाली आणि पांगली. पण घरी येऊन कोपर धुताना बाई रडली. बावन्न वर्षांची झालेली, नातवंडं खेळवायचं वय. या वयात हे थेर कशाला, असं आता तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

थेर कशाला, ते सांगतो. सोजराबाईचं दीड एकर वावर, विहिरीला पाणी बेताचं, पण मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, अशी पिकवते की पेंडी हातात घेतली की वास कोपरापर्यंत येतो. मोताळ्याच्या बाजारात कडुनिंबाखालची जागा ज्याला मिळाली, त्याची भाजी अकराच्या आत खपते. ती जागा जो आधी येईल त्याची. आणि भागवतची गाडी काही आधी जात नाही. सकाळी सातला सोजराबाई पोतं ठेवून बसायची. आठ वाजायचे, नऊ वाजायचे. भागवत चहा पीत म्हणायचा, "बारा सवाऱ्या झाल्याशिवाय गाडी निंगत नाही." मोताळ्याला पोचेपर्यंत उन्हं चढलेली, मेथीने मान टाकलेली, आणि बसायला नालीकाठची जागा. अर्धी मेथी परत यायची. ती खाऊन खाऊन तिची शेळी अशी माजली होती की साध्या गवताकडे बघत नव्हती.

पोरगी प्रेरणा नोकरीला अकोल्याला गेली, तिची कॉलेजची स्कुटी गोठ्यात पडून होती. तेवढ्यावरून सोजराबाईच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. आपल्या पायाने, म्हणजे आपल्या चाकाने, बाजाराला जायचं.

रात्रभर कोपर ठणकलं. सकाळी तिने ठरवून टाकलं, स्कुटी विकायची. मग बंडी जुंपली आणि शेणखत घेऊन वावराकडे निघाली, कारण मन मोडलं म्हणून खत टाकायचं राहत नाही. थंडीचे दिवस होते, तुरीवर दहिवर बसलं होतं, काळी ढेकळं ओलसर झाली होती. वावराच्या बांधाला, धुऱ्याजवळ, तुरीतून एक रानडुक्कर आडवं पळालं आणि बैल बुजले. सोजराबाईने दोन्ही मुठी आवळल्या, सगळं अंग मागे टाकलं आणि कासरा छातीशी ओढला. बैल जागच्या जागी थांबले.

आणि ती तशीच बसून राहिली, स्वतःच्या मुठींकडे बघत.

खत बंडीतच राहिलं. बंडी वळवून ती थेट स्टँडवरच्या फहीम मिस्त्रीकडे गेली.

"फहीम, मी काऊन पडते ते समजलं. भ्याव वाटलं का मी मुठी आंगाकडं ओढते. अशी."

फहीमने बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "या अल्ला. मावशी, आंगाकडं ओढलं का रेस वाढते. बैल ओढल्यावर थांबते, गाडी सोडल्यावर थांबते. तुमी सोडायची सवय करा."

"बारा वर्षं झाले कासरा ओढून राह्यली. सुटला असता त बंडीसंगं मीबी विहिरीत गेली असती. ते सवय आता कोठी जाते? म्या नाही बदलत, बाप्पा. तू गाडी बदल."

"म्हंजे?"

सोजराबाईने बंडीतून जुना कासरा काढून त्याच्यापुढे टाकला. "दोन्ही ब्रेकाले बांध. मंग माह्या कमरेमागून घे. मी मांगं झाली का ब्रेक लागले पाह्यजे."

फहीम बराच वेळ हसत होता. मग हसायचा थांबला आणि डोकं खाजवायला लागला. "कंपनीवाले पाहतीन त रडतीन, मावशी."

"कंपनीवाल्यानं कधी बैल हाकले काय?"

सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात दोघांनी गाडी नेली. कासरा आखूड बांधला गेला होता, त्यामुळे गाडी अशी गचकन थांबली की सोजराबाई चौथ्यांदा पडली. पण थांबून पडली, आणि पडल्या पडल्याच ओरडली, "फहीम, वीतभर सैल कर!" वीतभर सैल केला. मग पुढचे आठ दिवस ती त्या वावरात गोल गोल फिरत राहिली, आणि माजलेली शेळी धुऱ्यावरून बघत राहिली.

बाजाराच्या दिवशी सात वाजता तिने पुढे पोतं ठेवलं, पदर खोचला, कमरेमागे कासरा घेतला. पार हसला. भागवतने चहाची बशी खाली ठेवली. "वैनी, स्कुटी जुंपली काय?"

"हाव. वखराले नाही, बाजाराले." आणि गेली.

त्या दिवशी कडुनिंबाखाली पहिलं पोतं सोजराबाईचं पडलं. अकराला शेवटची पेंडी खपली. तिला इतका आनंद झाला की तिने एकटीने दोन प्लेट भजी खाल्ली आणि शेळीसाठी काहीच उरलं नाही याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

परतताना नाल्याच्या पुलाजवळ काळीपिवळी एका अंगावर कलली होती. सवाऱ्या भागवतला शिव्या घालत पायी निघून गेल्या होत्या. भागवत पंक्चर झालेलं चाक काढून रस्त्याच्या कडेला बसला होता. लांबून स्कुटी दिसली तसा तो उभा राहिला. सोजराबाईने अंग मागे टाकलं, गाडी त्याच्या पायाशी थांबली.

"वैनी, फहीमकडे जा लागते. मांगं जागा हाय काय?"

सोजराबाईने मागे बघितलं, पुढे बघितलं. सगळ्या रस्त्यावर एक म्हैस होती.

"जागा हाय, भाऊजी. पन बारा सवाऱ्या झाल्याशिवाय गाडी निंगत नाही."

भागवत चाकाकडे बघत राहिला. तिने त्याला म्हैस पूल ओलांडून जाईपर्यंत तसंच उभं ठेवलं आणि मग म्हणाली, "बसा."

चाक मांडीवर घेऊन भागवत मागे बसला. पाराजवळच्या वळणावर स्कुटी कलली तसा त्याचा धीर सुटला आणि त्याने तिच्या कमरेमागचा कासरा दोन्ही हातांनी धरून ओढला. गाडी गचकली आणि बरोबर पारासमोर थांबली. सगळी मंडळी बघत होती. सोजराबाईने मान वळवली नाही.

"भाऊजी, कासरा सोडा. हाकणारं एकच असते."