आजीच्या झोपेची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दागिने, भांडी, कपडे असलं काही मी कधी सांभाळलं नाही. मी झोप सांभाळली, तीही एका कासविणीची. आज माझ्या अंगावर भडक लाल रंग आहे आणि पोटात लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या आहेत, पण त्यावर जाऊ नका. हे सोंग माझ्यावर म्हातारपणी आलं.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका उद्यानात माझा जन्म झाला. मगरीच्या तळ्याला कुंपण घालून उरलेल्या फळ्यांतून सुताराने मला ठोकलं आणि हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं पाडली. आत माणूस थोडाच झोपणार आहे, असं म्हणून त्याने मला रंधाही मारला नाही. कासवांची देखभाल ज्यांच्याकडे होती त्या ताईंनी मग स्वतः पॉलिश पेपर घेतला आणि मला आतून घासत बसल्या. कुठे काही टोचायला नको म्हणून पुन्हा पुन्हा तळहात फिरवून बघत होत्या. त्या दिवसापासून ताईंचा मला लळा लागला.

कासविणीला सगळे आजी म्हणायचे. वयाने ती ताईंपेक्षा मोठी होती आणि तोऱ्याने तर फारच मोठी. परक्या माणसाने डोक्याला हात लावला, की फुस्स करून मान आत घ्यायची ती घ्यायची, मग कितीही आर्जवं करा. खायची फक्त ताईंच्या हातून. थंडी पडू लागली की तिचं खाणं सुटायचं. मग ताई मला मागच्या थंड खोलीत ठेवून तळाशी कोरडा पाला पसरायच्या, आजीला काट्यावर तोलायच्या आणि अलगद माझ्यात ठेवायच्या. उन्हाळ्यात अंगावर धरलेली चरबी तिला त्या एका झोपेसाठी पुरवून पुरवून वापरायची असे. ऊन परत आलं की ती उठायची, पुन्हा काट्यावर चढायची आणि ताईंचा जीव भांड्यात पडायचा.

ते हिवाळे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मी काहीच करत नव्हते, नुसती धरून होते. पण कुणीतरी आपल्या भरवशावर झोपलंय, याहून मोठं काम मला तरी माहीत नाही.

पुढे उद्यानाला उतरती कळा लागली. नवे साहेब आले आणि त्यांनी प्रत्येक ऋतूला एकेक कार्यक्रम चिकटवला. उन्हाळ्यात अजगरासोबत फोटो, सुट्ट्यांत दोन तिकिटांवर तिसरं फुकट, पावसाळ्यात तर चक्क बेडूक सप्ताह. बेडूक सरपटत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती. हिवाळ्यात मात्र सगळ्या सवलती पाण्यात जायच्या. झोपलेले प्राणी बघायला तिकीट काढून कोण येणार? शेवटी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हाही हिवाळा असाच गेला तर उद्यान बंद होईल आणि प्राणी मिळेल तिकडे पाठवावे लागतील. आजीची रवानगी कुठे होईल हे कुणालाच सांगता येईना.

मग ती कल्पना निघाली. दुसऱ्या कुणाची नव्हे, ताईंचीच. एका रविवारी आजीला उठवायचं आणि तिचा वाढदिवस करायचा. जो आपल्या आजीला घेऊन येईल, त्याच्या आजीला तिकीट माफ.

त्या रविवारी फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली. ताईंनी आजीला कोमट पाण्यात बसवून जागं केलं आणि दिव्याखाली ठेवलं. खऱ्या आज्यांची आणि नातवंडांची नुसती झुंबड. आजी डोळे किलकिले करून सगळ्यांकडे बघत होती, तेवढ्यावरही लोक खूश होते. उद्यान वाचलं. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंना शाबासकी दिली. ताईंनी दिवा विझवला, आजी निवल्यावर तिला पुन्हा माझ्यात आणून ठेवलं. त्या वर्षी ती थोडी उशिरा उठली, पण उठली. तिथेच सगळे फसले.

पुढच्या हिवाळ्यात फाटकावर नवा फलक लागला: दर रविवारी आजीचा वाढदिवस. ताई साहेबांकडे गेल्या, एकदा ठीक होतं म्हणाल्या. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, कल्पना तुमचीच ना? मागच्या वर्षी काही झालं का तिला?" ताई तशाच परत फिरल्या. उद्यान चालू राहावं असं त्यांनाही वाटत होतं, अगदी आजीसाठीच वाटत होतं.

मित्रांनो, एका झोपेची शिदोरी ती किती असणार? प्रत्येक रविवारी जागं होताना आजी त्यातला मोठा घास खर्च करत होती. आणि दर वेळी ती माझ्यात परत आली, की मला कळायचं. माझ्या तळाच्या फळीला तिचं वजन पाठ होतं. ती हलकी होत चालली होती. मला सांगता येत नव्हतं.

ताईंना कळत नव्हतं का? एका रविवारी त्यांनी कपाटातून काटा काढला, फडक्याने पुसला, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि तसाच परत ठेवून दिला. मग माझ्यावर वाकून हळूच म्हणाल्या, "अजून एकच रविवार, आजी. मग तुला कुणी हात लावणार नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही त्या हेच म्हणाल्या.

ऊन परत आलं. ताईंनी झाकण उघडलं, आजीला नेहमीसारखं कोमट पाण्यात बसवलं. तिची मान वर आली नाही. तिचं डोकं पाण्यात जाऊ नये म्हणून ताई हनुवटीखाली हात धरून बसल्या, पाणी गार झालं तरी उठल्या नाहीत. साहेब धावत आले आणि कसंनुसं तोंड करून चूक माझी म्हणाले. ताईंनी मान हलवली. "मीच उठवलं तिला," एवढंच त्या बोलल्या. त्या दिवशी माझ्यातला पाला कुणी काढला नाही, आणि मला तरी तो कुणी काढायला नकोच होता.

वाढदिवस मात्र बंद झाला नाही. लोक विचारत होते ना! यंदा थर्माकोलचं कासव आलं. मला लाल रंग फासला, झाकणाला चीर पाडली आणि लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या टाकायला फाटकाशी बसवलं. ताई माझ्या वाटेने येईनाशा झाल्या.

काल मात्र माणूस कमी पडला म्हणून त्यांना फाटकावर थांबावं लागलं. एक छोटी मुलगी आपल्या आजीचं बोट धरून आली होती. थर्माकोलच्या कासवाला तिने एका नजरेत निकालात काढलं आणि ताईंना विचारलं, "खरी आजी कुठंय?"

"झोपलीय," ताई म्हणाल्या.

"मग उठवा ना. आम्ही वाढदिवसाला आलोय."

ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "नाही, बाळ. तिला आता कुणी उठवायचं नाही."

मुलीने माझ्या बाजूची भोकं बघितली, मग झाकणाची चीर. आजी माझ्यातच झोपलीय असं तिला वाटलं, ते मला कळलं. हातातली चिठ्ठी तिने माझ्यात टाकली नाही, खिशात ठेवली. ओठांवर बोट ठेवून आपल्या आजीला गप्प केलं, आणि दोघी चवड्यांवर माझ्या समोरून निघून गेल्या. ताई तिथेच तोंड झाकून रडल्या.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कुणी झोपलेलं दिसलं, तर त्या मुलीसारखे चाला.